आधी गिअर ठरवा, मग मोटार

जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी विजेवर करून घ्यायची म्हणून माणसं चौकशीला येतात तेव्हा बोलणं किलोवॅटपासून सुरू होतं. मोटार पाचची पुरेल का, की दहाचीच घ्यायची? मग बॅटरी केवढी, एका चार्जिंगला किती किलोमीटर, खर्च किती. सगळं बोलून होतं, पण गिअरचं नाव कुणी काढत नाही. मी काढलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘ताई, इलेक्ट्रिकला गिअर कुठं लागतोय?’ या एका समजापायी लोकांचे कष्टाचे पैसे वाया जाताना मी जवळून बघते आहे, म्हणून हे लिहिते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथ आणि मिलिंगचं वर्कशॉप आहे. वडिलांनी ते ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर उभं केलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली शिकले. अलीकडे आमच्याकडे एक वेगळं काम येऊ लागलं आहे: विजेची मोटार जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी लागणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट आणि कपलिंग. गाडी कुणी बदलली, किट कुणी विकलं याच्याशी आमचा संबंध नसतो. पण बिघडलेली गाडी शेवटी लेथवाल्याच्या दारात येतेच, त्यामुळे कुठं काय चुकतं ते कळतं.

‘गिअर लागत नाही’ हा समज आला शोरूममधल्या गाड्यांवरून. त्यांत गिअरचा दांडा नसतो हे खरं आहे. गिअर मात्र असतो, एकच आणि कायमचा बसवलेला. निसान लीफच्या पहिल्या पिढीत मोटारीचे जवळजवळ आठ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये हे प्रमाण ९.७३ आहे. एवढ्या एकाच गिअरवर त्या गाड्या चढही चढतात आणि हायवेलाही पळतात, कारण त्यांची मोटारच तशी असते. लीफची ती मोटार ८० किलोवॅटची, २८० न्यूटन-मीटर टॉर्क देणारी, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत जाणारी आणि पाण्यावर थंड होणारी. आपल्याकडे गॅरेजमध्ये जी ७२ व्होल्टची, हवेवर थंड होणारी मोटार जुन्या गाडीत बसते, ती त्याच्या आठव्या हिश्श्याची असते आणि पाच-सहा हजार फेऱ्यांवर तिचा दम संपतो. लीफला जे जमतं ते तिच्याकडून मागणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

आणि ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही त्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. टेस्लाची पहिली गाडी, रोडस्टर, दोन गिअरचा बॉक्स घेऊन यायची होती. झटकन वेग घ्यायला एक आणि मोठ्या वेगाला दुसरा, असा बेत होता. तो बॉक्स टिकेना. सुरुवातीच्या गाड्या दुसऱ्या गिअरवरच कायम ठेवून ग्राहकांना द्याव्या लागल्या. २००८ साली कंपनीने जास्त करंट सोसणारा कंट्रोलर तयार केला आणि मगच ८.२८ प्रमाणाचा एकच गिअर बसवला. म्हणजे गिअर कमी करण्याची किंमत त्यांनी इलेक्ट्रॉनिक्समध्ये मोजली. उलट पोर्शने टायकान काढली तेव्हा मागच्या एक्सलला मुद्दाम दोन गिअर दिले. आणि आपल्या बजाजने विजेच्या रिक्षात दोन गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन घातलं आहे. लहान मोटार, भरलेली गाडी आणि वाटेत चढ, या तिन्हींचा मेळ घालायचा तर दुसरा गिअर उपयोगी पडतो हे रिक्षा बनवणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं.

आता जुन्या मारुती ८०० चा हिशेब मांडते. तो कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करता येईल. चार गिअरच्या गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण ३.५८, दुसऱ्याचं २.१७, तिसऱ्याचं १.३३ आणि चौथ्याचं ०.९. त्याला डिफरन्शियलच्या ४.३५ ने गुणलं की एकूण प्रमाण मिळतं: ढोबळमानाने १५.६, ९.४, ५.८ आणि ३.९. बारा इंची चाक एका फेऱ्यात दीड मीटरपेक्षा जरा जास्त जातं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ६४५ फेरे. त्या वेगाला मोटार दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांच्या आसपास फिरेल, तिसऱ्यात पावणेचार हजारांनी, चौथ्यात अडीच हजारांनी. पहिल्यात दहा हजार होतील, ते आपल्या मोटारीला झेपायचं नाही.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही, आणि मोटार जळते ती तिथेच.

चार माणसं बसलेली ८००, बॅटरीसकट सगळं मिळून १००० किलो धरा. १०० मीटरला आठ मीटर चढणारा घाट धरा, ताशी ३० चा वेग धरा. गाडी वर ओढायला चाकावर साधारण आठ किलोवॅट लागतात. गिअर कुठलाही टाका, हा आकडा बदलत नाही. म्हणून विक्रेता बेधडक सांगतो की दहा किलोवॅटची मोटार आहे, आठच लागणार आहेत, काळजी नको. पण तीन हजार फेऱ्यांवर दहा किलोवॅट देणारी मोटार सतत किती टॉर्क देऊ शकते ते काढून बघा. जेमतेम ३२ न्यूटन-मीटर. त्या घाटात दुसऱ्या गिअरला तिच्याकडून २७ मागितले जातात, म्हणजे ती आरामात चालते. तिसऱ्याला ४४. चौथ्याला ६५, म्हणजे तिच्या कुवतीच्या दुप्पट.

टॉर्क वाढला की करंट वाढतो, आणि तांब्याच्या तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरने तोच घाट त्याच वेगाने चढलात तर मोटारीच्या वाइंडिंगमध्ये अडीच पटीहून जास्त उष्णता होते. चौथ्याने चढलात तर जवळजवळ सहापट. त्यात मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असेल तर वरच्या गिअरमध्ये तोही मंद फिरतो. उष्णता जास्त आणि वारा कमी. जास्त फेऱ्यांवर मोटारीच्या लोखंडात होणारं नुकसान थोडं वाढतं हे मान्य, पण घाटात ते या उष्णतेपुढे किरकोळ आहे.

आमच्या भागात उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरवाला हे शाळेत न शिकता जाणतो. चढ दिसला की तो आधी गिअर खाली घेतो. मोटार विजेची झाली म्हणून चढाचा नियम बदलत नाही.

पन्हाळ्याच्या बाजूचे एक नर्सरीवाले आपली ओम्नी घेऊन आले होते. रोपं आणि मातीच्या कुंड्या घेऊन रोज चढ-उतार. ज्याने गाडी बदलून दिली त्याने मूळ गिअरबॉक्स काढून मोटार सरळ प्रॉपेलर शाफ्टला जोडली होती. ‘भाग कमी, वजन कमी, बिघाड कमी’ असं त्यांना सांगितलं होतं. गिअरबॉक्स गेला की उरतं ते मागच्या एक्सलमधल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण, बस. सपाट रस्त्यावर गाडी छान पळायची. चढाला लागली की थोड्या वेळात कंट्रोलर तापून करंट कमी करायचा आणि गाडी रांगायला लागायची. त्यांना वाटलं बॅटरी कमी पडते. तसंच कुणीतरी पटवलंही होतं, आणखी एक पॅक घ्यायचा बेत चालला होता. आम्ही मोटारीला हात लावून बघितला, तो तिच्यावर ठेववत नव्हता. बॅटरी मात्र गार होती. दुखणं कुठं आहे हे सांगायला एवढं पुरे. त्यांचा मूळ गिअरबॉक्स भंगारात गेला होता. दुसरा शोधून, खोलून, बेअरिंग बदलून बसवावा लागला. मोटार तीच, कंट्रोलर तोच, बॅटरी तीच ठेवली. आता ती ओम्नी दुसऱ्या गिअरमध्ये भरल्या कुंड्यांसह वर जाते.

गिअरबॉक्स ठेवण्याचे आणखी फायदे आहेत. ८०० सारख्या गाडीत डिफरन्शियल त्याच खोक्यात असतं. स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते. गिअरबॉक्सची वंगणाची सोय तयार आहे, त्याचे माउंटिंग तयार आहेत आणि भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. त्याने खाल्लेली ताकद शेकड्यात पाच-दहा असेल. ती मी आनंदाने सोडून देईन.

जोडणीबद्दल मात्र कडकपणा हवा. क्लचप्लेटच्या मधोमध जो दातेरी हब असतो तो काढून कपलिंगला वापरायचा ही चांगली युक्ती आहे, कारण त्याचे दाते इनपुट शाफ्टशी मुळातच जुळलेले असतात. पण तो हब मोटारीच्या शाफ्टशी एका रेषेत बसला पाहिजे. आम्ही मोटार अ‍ॅडॅप्टर प्लेटवर कसतो, शाफ्टवर मॅग्नेटचा स्टँड लावतो आणि डायलची सुई बेल हाउसिंगच्या भोकावरून पूर्ण फिरवतो. काटा पाच शतांशापेक्षा, म्हणजे ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर प्लेट पुन्हा मशीनवर. कारागीर मुलं कंटाळतात, गिऱ्हाईक घाई करतं, तरी यात सूट नाही. काही गाड्यांत इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टमधल्या छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं. इंजिन काढलं की तो आधार जातो. तो कपलिंगमध्ये नव्याने द्यावा लागतो. नाही दिला तर शाफ्ट झोके खातो, आधी आवाज येतो, मग तेल गळतं, मग बेअरिंग जातं. लोक दोष गिअरबॉक्सला देतात.

क्लच ठेवायचा का, हा पुढचा वाद. माझं मत: शहरात वापरायच्या छोट्या गाडीला नको. इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच लागतो. मोटार शून्यावरून ओढते, सिग्नलला गप्प उभी राहते. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, केबल असं सगळं वजन उतरतं. गिअर बदलायचा झाला तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्षणभर थांबून हलक्या हाताने पुढे रेटायचा. सिंक्रोमेशला मोटारीचा अख्खा रोटर आपल्या वेगावर आणायचा असतो, म्हणून घाई चालत नाही. पाय काढताच मोटार जोरात ब्रेकिंग करायला लागत असेल तर कंट्रोलरमध्ये ते सौम्य करून घ्या, नाहीतर दांडा निघणारच नाही. गावात दिवसभर दुसरा, हायवेला तिसरा, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. रोज घाटातून जा-ये करणाऱ्याला आणि चालत्या गाडीत वारंवार गिअर बदलणाऱ्याला मात्र मी क्लच ठेवायलाच सांगते.

पहिला गिअर जवळजवळ विसरून जा. ८०० चं इंजिन ५९ न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं आणि गिअरबॉक्स त्या बेताने घडवलेला आहे. शंभराच्या वर टॉर्क देणारी मोटार शून्यावरून पंधरा पटीने तो चाकापर्यंत पोचवायला लागली तर दात तुटतील नाहीतर एक्सलचा जॉइंट सुटेल. कंट्रोलरमध्ये टॉर्कची मर्यादा घालता येते आणि तो हळूहळू चढवताही येतो. गाडी ताब्यात घेण्याआधी ती मर्यादा किती ठेवली आहे हे बसवणाऱ्याकडून समजून घ्या.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची जुनी गाडी बदलायला घेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्समध्ये तेलाचा दाब इंजिन सतत फिरत असल्यामुळे टिकतो. मोटार सिग्नलला थांबली की दाब गेला. त्यावर उपाय आहेत, पण ते घरगुती नाहीत.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, म्हणून ठासून सांगते. उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची आपल्याला सवय आहे. इंजिनातल्या दाबामुळे ती अडून राहायची. मोटारीला असा दाब नसतो. बंद केलेली मोटार गिअरमध्ये असली तरी फिरू शकते आणि गाडी घरंगळते. हँडब्रेक धड नसेल तर आधी तो दुरुस्त करा, मग मोटारीचं बोला. गाडीला ब्रेक बूस्टर असेल तर त्याला लागणारा व्हॅक्यूम इंजिनबरोबरच गेलेला असतो. त्यासाठी विजेचा व्हॅक्यूम पंप लागतो. ही कामं झाल्याशिवाय गाडी आमच्या शेडबाहेर जाऊ देत नाही.

आता कायद्याचं. मनाला येईल तशी मोटार बसवून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या गाडीत बसवायच्या इलेक्ट्रिक किटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून किट मंजूर व्हावं लागतं, ते अधिकृत ठिकाणी बसवावं लागतं आणि आरटीओत आरसीवर इंधनाचा बदल नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वतःच्या हाताने गाडी बदलणाऱ्या हौशी मुलांबद्दल मला खरंच आदर आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टला, आवारातल्या वापराला त्यांनी जरूर करावं. रस्त्यासाठी मंजूर किटच घ्यावं.

माझी मागणी किट विकणाऱ्यांकडे आहे. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात फक्त कमाल किलोवॅट छापलेले असतात, जे मोटार काही सेकंदच देऊ शकते. त्याच्या शेजारी सतत मिळणारा टॉर्क छापा. मोटारीपासून चाकापर्यंतचं एकूण प्रमाण छापा. चार माणसं बसवून किती चढावर गाडी थांबवून पुन्हा उठते आणि आठ टक्के चढ किती वेळ न तापता चढते, तेही छापा. हे आकडे चाचणी करणाऱ्या इंजिनिअरच्या वहीत असतात, ते ग्राहकापर्यंत यायला खर्च नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना कोरडी व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा वर मांडला तसा एक हिशेब सोडवायला द्यावा. उद्या गाड्या त्यांच्याच हातात येणार आहेत.

तोवर ग्राहकाने आपली काळजी आपण घ्यायची. आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ कोणता ते सांगा. पुष्कळांच्या बाबतीत तो घाटात नसून आपल्याच इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा असतो. तो कोणत्या गिअरने चढणार आणि तेव्हा मोटारीला किती टॉर्क लागणार, हे दोन आकडे बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून गाडी करून घेऊ नका. आणि कुणी काहीही म्हणो, गाडीतून निघालेला गिअरबॉक्स भंगारात जाऊ देऊ नका, घरी घेऊन या.